प्रश्न वाचकांचे : पूर्ण न मिटणारी वर्तुळं

गेल्या अंकात सौर वादळांवर लेख आला आणि त्यानंतरची बहुतेक पत्रं एकाच विषयाभोवती फिरताहेत : प्लाझ्मा (म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन उरलेल्या भारित अणूंसोबत, आयनांसोबत, वावरतात असा वायू), चुंबकीय क्षेत्र आणि त्यात सापडलेले विद्युतभारित कण. माझी सारी नोकरी प्लाझ्माच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून संपादकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे ढकलला. मलाही ते आवडलंच. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. चुंबकीय क्षेत्राला बऱ्याच जणांनी ‘ढाल’, ‘भिंत’, ‘पिंजरा’ म्हटलं आहे. ती चित्रं तूर्त डोक्यातून काढून टाका, पुढचं सोपं जाईल.

प्रश्न : चुंबकीय क्षेत्र कणावर बल लावतं, पण कार्य करत नाही, असं आम्हाला शिकवलं. मग सायक्लोट्रॉनमध्ये कणांची ऊर्जा वाढवायला एवढं मोठं चुंबक कशाला लागतं? (बारावीची विद्यार्थिनी)

चुंबकीय बल कणाच्या वेगाला सतत काटकोनात असतं. त्यामुळे ते दिशा बदलतं, वेग वाढवत नाही की कमी करत नाही. खुंट्याला बांधलेलं वासरू गोल पळतं तेव्हा दावं त्याला पळवत नसतं, फक्त वळवत असतं. फरक इतकाच की इथे खुंटा कुणी ठोकलेला नसतो आणि दाव्याची लांबी कणाच्या वेगावर ठरते.

तुझ्या कॉलेजात इलेक्ट्रॉनचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढायचा प्रयोग असेल तर तो जरूर बघ. काचेचा एक गोळा, आत अगदी कमी दाबाचा वायू आणि दोन बाजूंना दोन मोठ्या कॉइल. खोलीत अंधार केला की इलेक्ट्रॉनचा झोत निळसर रेषेसारखा दिसतो. कॉइलमधून प्रवाह सोडला की ती रेषा वाकते, वाकत वाकत स्वतःलाच येऊन मिळते आणि काचेच्या आत एक वर्तुळ लटकलेलं दिसतं. २०० व्होल्टनी सोडलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ८,४०० किलोमीटर वेगानं जातो आणि एक मिलिटेस्ला क्षेत्रात त्याचं वर्तुळ पावणेपाच सेंटिमीटर त्रिज्येचं होतं. व्होल्टेज चौपट, म्हणजे ८०० केलं, की वेग दुप्पट आणि त्रिज्याही दुप्पट. वाट दुप्पट आणि वेगही दुप्पट, म्हणजे फेरीला लागणारा वेळ तोच : सुमारे ३६ नॅनोसेकंद. हळू कण असो की जलद, घड्याळ एकच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या घड्याळात आहे. अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनमध्ये ऊर्जा देण्याचं काम विद्युत क्षेत्रच करतं, दोन पोकळ अर्धवर्तुळाकार डब्यांमधल्या फटीत. चुंबक कणाला वळवून पुन्हा पुन्हा त्या फटीपाशी आणून सोडतो, आणि फेरीचा वेळ बदलत नसल्यामुळे फटीतल्या व्होल्टेजची उलटापालट एकाच ठरावीक वारंवारतेनं करता येते. १९३१ मध्ये लॉरेन्स आणि त्याचा विद्यार्थी लिव्हिंगस्टन यांनी तळहातावर मावेल अशा यंत्रात दोन हजारांहून कमी व्होल्ट वापरून कणांना ८० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेलं (एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टमुळे मिळते ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). लॉरेन्सला १९३९ चं नोबेल मिळालं. कण प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जायला लागला की मात्र हे घड्याळ मागे पडू लागतं, मग वेगळ्या युक्त्या कराव्या लागतात.

एक करून बघ. तो काचेचा गोळा किंचित तिरपा फिरव. वर्तुळाची स्प्रिंग होते. क्षेत्राच्या दिशेनं जो वेग असतो त्याला चुंबक हात लावत नाही, म्हणून कण गोल फिरत फिरत पुढेही सरकतो.

प्रश्न : एकसमान चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन फिरवणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरण्याऐवजी सर्पिल काढत बाहेर जातो आणि त्याची ऊर्जा वाढत राहते. समीकरणं बरोबर आहेत. चुकतंय कुठे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

तुम्ही पाठवलेल्या ओळींवरून दिसतंय की ऑयलरची साधी पद्धत वापरली आहे. तिच्यात प्रत्येक पावलाला कण स्पर्शरेषेनं सरळ जातो, म्हणजे दर वेळी वर्तुळाच्या थोडा बाहेर पडतो. हिशेब करून पाहा : एका पावलात कण ०.१ रेडियन वळत असेल तर ऊर्जा दर पावलाला एक टक्क्यानं वाढते. एका फेरीला अशी सुमारे ६३ पावलं लागतात, तेवढ्यात ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. पाऊल लहान केलंत तर आजार लांबेल, जाणार नाही.

यावर १९७० पासून बोरिस पद्धत वापरात आहे. आधी विद्युत क्षेत्राचा अर्धा धक्का द्यायचा, मग वेगाचा सदिश चुंबकीय क्षेत्राभोवती निव्वळ फिरवायचा आणि मग उरलेला अर्धा धक्का. फिरवल्यानं सदिशाची लांबी बदलत नाही, त्यामुळे चुंबकाकडून फुकटची ऊर्जा मिळायचा प्रश्नच येत नाही. कोड जेमतेम दहा ओळींचा. प्लाझ्माची मोठमोठी सिम्युलेशन्स आजही बहुतेक याच दहा ओळींवर चालतात. पावलं फार मोठी घेतलीत तर कण फेरीत थोडा मागे राहील, पण पळून जाणार नाही.

प्रश्न : विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना काटकोनात असतील तर इलेक्ट्रॉन आणि आयन दोघंही एकाच दिशेला, एकाच वेगानं वाहत जातात, असं पुस्तकात आहे. भार विरुद्ध असताना दिशा एक कशी? आणि याचा व्यवहारात उपयोग काय? (बी.एस्सी., दुसरं वर्ष)

या गठ्ठ्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजा चुंबकीय क्षेत्र कागदातून वर येतंय आणि विद्युत क्षेत्र कागदावर उजवीकडून डावीकडे आहे. धन आयन फिरताना डावीकडे जातो तेव्हा विद्युत क्षेत्र त्याला वेग देतं आणि उजवीकडे येताना तो वेग काढून घेतं. म्हणजे फेरीच्या डाव्या भागात तो जलद असतो, उजव्या भागात मंद. जलद असताना त्रिज्या मोठी, मंद असताना लहान. अर्धं वर्तुळ मोठं आणि अर्धं लहान काढलं की टोकं जुळत नाहीत. वर्तुळ मिटत नाही आणि प्रत्येक फेरीत कण थोडा बाजूला सरकतो. सरकण्याची दिशा दोन्ही क्षेत्रांना काटकोनात.

आता इलेक्ट्रॉन घ्या. तो उलटा फिरतो, पण विद्युत बलही त्याच्यावर उलट्या बाजूला लागतं, म्हणजे तो उजव्या भागात जलद असतो. दोन उलटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरकण्याची दिशा आयनाचीच राहते. वेग निघतो विद्युत क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र. त्यात ना भार, ना वस्तुमान. मीटरला १,००० व्होल्ट आणि ०.१ टेस्ला असेल तर सेकंदाला १० किलोमीटर, मग कण इलेक्ट्रॉन असो, प्रोटॉन असो की झेनॉनचा आयन.

सरकण्याचा दुसरा एक प्रकार आहे, तोही आत्ताच लक्षात ठेवा कारण पुढे दोन उत्तरांत तो लागणार आहे. विद्युत क्षेत्र नाही, पण चुंबकीय क्षेत्र एका बाजूला प्रबळ आणि दुसऱ्या बाजूला दुर्बल आहे, अशी कल्पना करा. प्रबळ भागात वळण घट्ट, दुर्बल भागात सैल, म्हणजे इथेही टोकं जुळत नाहीत. पण इथे उलट्या फिरण्याला भरपाई करणारं दुसरं उलटं नाही. म्हणून इलेक्ट्रॉन एका दिशेला सरकतो आणि आयन विरुद्ध दिशेला. पहिल्या प्रकारात प्लाझ्मा आख्खा वाहतो, दुसऱ्यात त्याचे भार एकमेकांपासून वेगळे होऊ पाहतात. परीक्षेत या दोन्हींची सूत्रं विचारतात. हा फरक कुणी विचारत नाही, आणि प्लाझ्मा भौतिकीचा निम्मा संसार त्याच्यावर उभा आहे.

आता उपयोग. आमच्याकडे धातूचे पातळ थर बसवायचं स्पटरिंगचं यंत्र होतं : आयनांचा मारा करून धातूचे अणू उडवायचे आणि ते समोरच्या वस्तूवर बसवायचे. व्हॅक्यूम चेंबरमध्ये तांब्याची गोल चकती, तिला आम्ही टार्गेट म्हणत असू. चकतीच्या मागे चुंबक असतात : मधोमध एक ध्रुव आणि कडेला गोल कड्यासारखा विरुद्ध ध्रुव. क्षेत्ररेषा चकतीतून वर येतात, कमान करतात आणि कडेला परत आत जातात. कमानीच्या माथ्यावर क्षेत्र चकतीला समांतर असतं आणि विद्युत क्षेत्र चकतीला काटकोनात. दोन्हींना काटकोनात कोणती दिशा उरली? चकतीवरच गोल गोल. इलेक्ट्रॉन त्या कमानीखाली अडकून चकरा मारत राहतात आणि वाटेत भेटणाऱ्या आर्गॉनच्या अणूंचे आयन करत जातात. चेंबरच्या काचेतून बघितलं तर चकतीवर तरंगणारं प्रकाशाचं कडं दिसतं, तांबं असेल तर हिरवट झाक असलेलं.

कड्याखालीच आयन सर्वांत जास्त आदळतात, त्यामुळे तिथलंच तांबं झिजतं. टार्गेट बाहेर काढलं की त्यावर गोल खोल चर पडलेला असतो, मधला भाग आणि कडा जवळपास कोऱ्या. बोट फिरवलं तर चराची उतरण लागते. साध्या रचनेत टार्गेटचं साधारण तीस टक्के तांबंच कामी येतं, बाकीचं भंगारात. साहेबलोकांना हा नेहमी कारागिराचा दोष वाटायचा. तो चर म्हणजे तुमच्या पुस्तकातलं समीकरण आहे, धातूवर कोरलेलं.

चाणाक्ष वाचक विचारेल, आर्गॉनचे आयन का नाही त्या कड्यात फिरत? कारण फेरी मारायला त्यांना जागाच नाही. तिथल्या टेस्लाच्या काही शतांश क्षेत्रात दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते, तर तेवढ्याच ऊर्जेच्या आर्गॉन आयनाची दहा सेंटिमीटरच्या आसपास. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीनं तिथे चुंबक आहे, आयनाच्या दृष्टीनं जवळजवळ नाहीच. हॉल थ्रस्टर नावाची अंतराळयानांची इंजिनं याच भेदावर चालतात : इलेक्ट्रॉन कोंडायचे आणि झेनॉनचे जड आयन सरळ मागे सोडायचे. युरोपचं स्मार्ट-१ हे यान २००३ मध्ये निघालं ते अशाच इंजिनावर चंद्रापर्यंत पोचलं.

प्रश्न : जुन्या काचेच्या टीव्हीजवळ चुंबक नेला की रंग का बिघडतात? आणि ते कायमचे बिघडतात का?

चुंबकामुळे आतले इलेक्ट्रॉन वाकतात आणि लाल ठिपक्यावर पडायचे ते हिरव्यावर पडतात. एवढ्याला मोठं चुंबकही लागत नाही. पंचवीस हजार व्होल्टनी आलेला इलेक्ट्रॉन नुसत्या पृथ्वीच्या क्षेत्रात ४० सेंटिमीटरच्या वाटेवर पाच-सहा मिलिमीटर बाजूला जातो, म्हणून मोठे संच जागच्या जागी फिरवले तरी रंग हलायचे. कायमचं नुकसान चुंबकत्व उतरवता आलं नाही तरच होतं. पडद्यामागची लोखंडी जाळी चुंबकीय होते, आणि संच सुरू होताना जो ‘घुंऽऽ’ आवाज यायचा तो हेच चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा.

प्रश्न : पृथ्वीभोवतीच्या व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांत कण अडकून राहतात म्हणतात. पण क्षेत्ररेषा तर ध्रुवांजवळ जमिनीत शिरतात. कण रेषेला धरून फिरत असेल तर तो सरळ खाली का येत नाही? (निवृत्त शिक्षक)

सर, तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि अडकण्याचं कारणही त्या ध्रुवांजवळच दडलेलं आहे.

रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, म्हणजे क्षेत्र वाढत जातं. रेषा अशा आत झुकलेल्या असल्यामुळे फिरणाऱ्या कणावरचं बल निव्वळ केंद्राकडे राहत नाही, त्याचा एक लहानसा भाग मागे, विषुववृत्ताच्या दिशेनं ढकलू लागतो. एकूण वेग तोच राहतो. पण पुढे जायचा वेग गोल फिरण्याच्या वेगात रूपांतरित होत जातो. एक वेळ अशी येते की पुढे जायला काही उरत नाही. कण थबकतो आणि आल्या वाटेनं परत फिरतो. दुसऱ्या गोलार्धातही तेच. चार पृथ्वीत्रिज्या अंतरावरच्या रेषेवर दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत यायला सेकंदापेक्षाही कमी वेळ घेतो.

जे कण मुळातच जवळजवळ रेषेच्या दिशेनं निघालेले असतात ते मात्र वळायच्या आधीच वातावरणात शिरून नष्ट होतात. त्याच रेषेवर विषुववृत्तापाशी ही धोक्याची दिशा रेषेपासून जेमतेम पाच अंशांच्या आत असते. बाकी सगळे टिकतात. टिकतात म्हणजे तरी काय, तिथे टक्कर द्यायला फारसं कुणी नसतंच.

वर सांगितलेलं सरकणं इथेही आहेच. पृथ्वीपासून लांब जाताना क्षेत्र दुर्बल होतं, म्हणून वर्तुळं मिटत नाहीत आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, प्रोटॉन पश्चिमेकडे सरकत पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात. विरुद्ध भार विरुद्ध दिशेनं गेले म्हणजे विद्युतप्रवाह एकाच दिशेचा झाला. सौर वादळात हा वलयप्रवाह वाढतो आणि जमिनीवरच्या चुंबकमापकात पृथ्वीचं क्षेत्र चक्क कमी झालेलं दिसतं.

शोधाची हकिकत तर मस्तच आहे. १९५८ च्या सुरुवातीला एक्सप्लोरर-१ उपग्रहावर जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांच्या गटानं गायगर काउंटर, म्हणजे येणारे भारित कण मोजायचं उपकरण, पाठवला. ठरावीक उंचीच्या वर गेलं की तो शून्य दाखवायचा. उपकरण बिघडलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण गटातल्या कार्ल मॅकिल्वेन यांनी तसाच काउंटर प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या तीव्र झोतात धरून पाहिला, तर तोही शून्यावर. मारा इतका प्रचंड की काउंटरला दोन कणांमध्ये सावरायला वेळच मिळत नव्हता. चार वर्षांनी, ९ जुलै १९६२ ला, अमेरिकेनं सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला आणि माणसानं स्वतःचा कृत्रिम पट्टा तयार केला. त्यातल्या इलेक्ट्रॉननी त्या काळचे अनेक उपग्रह निकामी केले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रहही त्यात आला.

प्रश्न : सूर्याकडून आलेले कण ध्रुवांवरच्या उघड्या क्षेत्ररेषांवरून थेट वातावरणात उतरतात आणि ध्रुवीय प्रकाश दिसतो, हे बरोबर आहे ना?

चित्रांत असंच दाखवतात, पण दोन साध्या गोष्टी त्याच्याशी जुळत नाहीत. एक, प्रकाश नेमक्या ध्रुवावर क्वचितच दिसतो. तो चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यात, साधारण ६५ ते ७० अक्षांशांवर असतो, आणि रात्रीच्या बाजूला जास्त, म्हणजे सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूला. दोन, सौरवाऱ्यातल्या (सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या प्लाझ्मातल्या) इलेक्ट्रॉनची ऊर्जा दहाएक इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर प्रकाश पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनची हजारो. ही वाढ मध्ये कुठेतरी व्हायला हवी.

होतं ते असं. प्लाझ्मा इतका सुवाहक असतो की चुंबकीय क्षेत्र त्याच्यासोबत वाहत जातं. सौरवारा पृथ्वीच्या क्षेत्राला मागे खेचून त्याची लांबच लांब शेपटी करतो. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांत क्षेत्र विरुद्ध दिशांचं असतं. ताण फार वाढला की मधल्या पातळ थरात प्लाझ्मा आणि क्षेत्र यांची जोडी सुटते, रेषा तुटून नव्यानं जुळतात आणि साठलेली ऊर्जा कणांना मिळते. नासाच्या थेमिस मोहिमेतल्या पाच उपग्रहांनी २००८ मध्ये हा प्रकार सुमारे वीस पृथ्वीत्रिज्या अंतरावर सुरू होताना टिपला. तिथून आलेल्या इलेक्ट्रॉनना पृथ्वीच्या काही हजार किलोमीटर वर, क्षेत्ररेषेच्या दिशेनंच असलेल्या विद्युत क्षेत्राचा आणखी एक धक्का बसतो आणि मग ते खाली येतात. दिवसाच्या बाजूला एका अरुंद पट्ट्यात सूर्याचे कण खरोखर थेट येतात, पण तिथला प्रकाश फिका.

रंगांबद्दलही तिघांनी विचारलंय, म्हणून थोडक्यात : हिरवा आणि लाल दोन्ही ऑक्सिजनचे. हिरव्यासाठी उत्तेजित अणूला पाऊण सेकंद निवांत मिळाला तरी पुरतो, लाल प्रकाशाला पावणेदोन मिनिटांहून जास्त लागतात. एवढा वेळ टक्कर न होता राहायचं तर हवा फार विरळ हवी, म्हणून लाल दोनशे किलोमीटरच्या वर आणि हिरवा शंभर-दीडशेच्या आसपास. मे २०२४ च्या वादळात ध्रुवांपासून फार लांबच्या लोकांना फक्त लाल दिसला, कारण क्षितिजावर प्रकाशाचा तेवढा वरचा भागच येत होता.

प्रश्न : टोकामाकमध्ये (अणुकेंद्रांचं संलयन करून ऊर्जा मिळवण्यासाठी चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्रात) पंधरा कोटी अंशांचा प्लाझ्मा असतो. तो भिंतीला लागला तर स्फोट नाही होणार? आणि त्याला मेदुवड्याचा आकार का?

आकारापासून सुरू करते. सरळ नळीत क्षेत्र लांबीच्या दिशेनं ठेवलं तर कण बाजूंना जात नाहीत, पण दोन्ही टोकांनी निघून जातात. टोकांना क्षेत्र वाढवून त्यांना परतवता येतं, पृथ्वीसारखंच, पण आपसांतल्या टकरींमुळे नवे नवे कण धोक्याच्या दिशेत येत राहतात आणि गळती चालूच राहते. मग टोकंच नकोत, नळी वाकवून गोल करू. इथपर्यंत कुणालाही सुचेल.

आता गाठ बसते. गोल नळीच्या आतल्या बाजूला कॉइल दाटीनं येतात, म्हणून क्षेत्र आत प्रबळ, बाहेर दुर्बल. म्हणजे दुसऱ्या प्रकारचं सरकणं : आयन वर गेले तर इलेक्ट्रॉन खाली. वर धन, खाली ऋण भार साठले की मध्ये उभं विद्युत क्षेत्र तयार होतं. आणि विद्युत क्षेत्र आलं की पहिल्या प्रकारचं सरकणं सुरू होतं, ज्यात भाराला किंमत नाही. दिशा काढून पाहा, बाहेरची निघते. सगळा प्लाझ्मा एकगठ्ठा बाहेरच्या भिंतीवर जाऊन आपटतो, आणि हे सारं पापणी लवायच्या कितीतरी आधी. सुट्या कणावर कुठलंच बाहेरचं विद्युत क्षेत्र नव्हतं. प्लाझ्मानं ते स्वतःच निर्माण केलं आणि स्वतःला बाहेर फेकलं. प्रयोगशाळेत नव्या मुलांना मी हे कागदावर काढायला लावत असे. चार बाणांत काम होतं, आणि चौथा बाण काढताना चेहरा बदलतो.

उपाय म्हणजे क्षेत्ररेषांना पीळ द्यायचा. पिळामुळे रेषेवरून जाणारा कण कधी नळीच्या वरच्या भागात असतो, कधी खालच्या. सरकण्याची दिशा मात्र वरच राहते. खालच्या भागात तेच सरकणं त्याला मध्याकडे आणतं, वरच्या भागात मध्यापासून दूर नेतं. बेरीज शून्याच्या जवळ. शिवाय वर साठलेला भार रेषेवरून वाहून खालच्याशी मिटतो. हा पीळ प्लाझ्मातूनच प्रचंड प्रवाह वाहवून आणायचा, ही सोव्हिएत संघात ताम आणि साखारोव्ह यांनी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मांडलेली टोकामाकची कल्पना. त्याच सुमारास अमेरिकेत स्पिट्झरनी कॉइलच वेड्यावाकड्या करून पीळ आणायचा मार्ग काढला, त्याला स्टेलरेटर म्हणतात. जर्मनीतला वेंडेलश्टाइन ७-एक्स त्याच वंशातला. १९६८ मध्ये मॉस्कोच्या टी-३ टोकामाकचे आकडे जाहीर झाले तेव्हा पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. ब्रिटिश शास्त्रज्ञ स्वतःचं लेझर घेऊन तिथे गेले, १९६९ मध्ये मोजलं आणि सुमारे एक कोटी अंश खरे निघाले. त्यानंतर सगळीकडे टोकामाक उभे राहिले.

स्फोटाचं म्हणाल तर तापमान हा शब्द घाबरवतो, पण मालच नसतो हो आत. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या टोकामाकच्या ८४० घनमीटरात इंधन एक ग्रॅमच्याही आत असेल, आपल्या भोवतालच्या हवेच्या लाखो पट विरळ. दाब निघतो चारेक वातावरणांचा. तेवढ्याला आवरायला ५.३ टेस्लाचं क्षेत्र, ज्याचा स्वतःचा दाब शंभर वातावरणांच्या वर. एवढी तफावत का ठेवावी लागते? कारण क्षेत्राच्या ताकदीच्या काही टक्क्यांपलीकडे दाब नेला की प्लाझ्मा वळवळायला लागतो, आणि त्याआधीही त्यातले लहान लहान भोवरे उष्णता बाहेर झिरपवतच असतात. कणांचं सरकणं आम्ही आवरलं, भोवऱ्यांनी मात्र तीन पिढ्यांना झुलवलं.

प्लाझ्मा भिंतीला लागला की थंड पडतो आणि अभिक्रिया विझते. बॉम्बसारखं काही होत नाही. यंत्राला मात्र ते महागात पडतं. ईटरमधला दीड कोटी अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या छोट्याशा भागात कोसळला तर पोलादी कक्षावर अफाट ताण येतो, भिंतीचा पृष्ठभाग वितळू शकतो आणि मोकाट सुटलेले इलेक्ट्रॉन एखाद्या जागी भोक पाडू शकतात. अशा कोसळण्याची चाहूल आधी कशी घ्यायची यावर सध्या खूप काम चाललंय. दरम्यान, ब्रिटनमधल्या जेट टोकामाकनं बंद होण्यापूर्वी, २०२३ च्या अखेरीस, सुमारे पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल संलयन ऊर्जा दिली. त्यात ०.२ मिलिग्रॅम इंधन खर्च झालं.

प्रश्न : माझ्या सासूबाई चुंबकाचं कडं घालतात. रक्तातले आयन चुंबकामुळे फिरतात आणि रक्ताभिसरण सुधारतं, असं विक्रेत्यानं सांगितलं. तुम्ही लिहिता ते कण फिरतात, मग हे का नाही?

फेरी पूर्ण करायला कणाला मोकळी वाट लागते. ०.१ टेस्ला क्षेत्रात, आणि कड्यातून शिरेपर्यंत एवढं पोचणंही कठीण, सोडियमचा आयन निर्वातात असता तर सेकंदाला सुमारे ६७ हजार फेऱ्या मारू शकला असता. रक्तात मात्र एका फेरीच्या वेळात त्याच्या आजूबाजूच्या रेणूंशी कोट्यवधी टकरा होतात. पहिल्या अंशाचंही वळण घ्यायच्या आत तो आपण कुठे निघालो होतो हे विसरलेला असतो. रक्तातल्या लोहाचं म्हणाल, तर हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही.

सासूबाईंना पेसमेकर बसवलेला असेल तर मात्र ते कडं आजच काढून ठेवायला सांगा. पेसमेकरजवळ चुंबक आला की तो हृदयाचे ठोके बघणं सोडून ठरावीक गतीनं चालू लागतो. डॉक्टर तपासणीसाठी हे मुद्दाम करतात, पण त्यांच्या देखरेखीखाली. हात छातीवर ठेवून झोपायची सवय असेल तर हेच नकळत होऊ शकतं.